काचेला चिकटलेला साक्षीदार

शेजारच्या अण्णांच्या गाडीला कॅमेरा बसला, ही बातमी मला कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे कळली. वहिनी भिंतीपाशी आल्या त्या कढीपत्ता मागायला. कढीपत्ता त्यांच्या दारातही आहे. पण त्यांनी माझ्याकडे कढीपत्ता मागितला की समजायचं, पोटात काहीतरी मावेनासं झालंय.

"ताई, आमच्या ह्यांनी साडेसहा हजार घातले."

"कशात?"

"काचेत."

साताऱ्यात आमची घरं जुन्या प्लॉटांवरची, शेजारीशेजारी. मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून वहिनींच्या जास्वंदीची एक फांदी माझ्या बाजूला झुकते. झुकलेल्या फांदीवरची फुलं कोणाची, यावर आमच्यात वीस वर्षांत बोलणं झालेलं नाही. बाकी सगळ्यावर झालंय.

तर कॅमेरा. त्याचं मूळ गेल्या दिवाळीत. दोघं लेकीकडे पुण्याला निघाले होते, डिकीत चिवड्याचा डबा, मागच्या सीटवर आकाशकंदील. खंबाटकीचा बोगदा झाला, पुढचं ते कुप्रसिद्ध एस वळणही सुखरूप पार पडलं. तिथे वहिनी न चुकता डोळे मिटून घेतात. आणि मग सरळ, सपाट रस्त्याला, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी एक मोटारसायकल राँग साइडने आली आणि अण्णांच्या डाव्या हेडलाइटवर येऊन विसावली. पोराचं गुडघ्याचं कातडं गेलं, आरसा तुटला. दोन मिनिटांत तीसेक माणसं. त्यांतल्या एकानंही धडक बघितली नव्हती, पण चूक चारचाकीवाल्याची यावर सगळ्यांचं एकमत.

"काका, मिटवून टाका. सणाचे दिवस आहेत."

अण्णांनी चार हजार देऊन मिटवलं. स्वतःच्या हेडलाइटचा आणि बंपरचा क्लेम केला, तर साठत आलेला नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षं क्लेम केला नाही तर तो ५० टक्क्यांवर जातो. अण्णांची चार भरली होती. माणूस पैशांसाठी इतका हळहळला नाही, जितका त्या हुकलेल्या पाचव्या वर्षासाठी.

"ह्यांचं म्हणणं, त्या दिवशी कॅमेरा असता तर त्या पोराच्या तोंडावर व्हिडिओ मारला असता," वहिनी म्हणाल्या.

मी कढीपत्ता तोडताना थांबले. कारण एकतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते, आणि व्हिडिओ कोणाच्या तोंडावर कसा मारला जातो, हे मला जरा माहीत आहे. अपघाताच्या किती फिर्यादी या बोटांखालून गेल्या. सगळ्यांत एक वाक्य ठरलेलं: रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून. ते आलं की मी कागदाकडे बघायचेही नाही, बोटं आपोआप पुढे जायची. बैलगाडीला धडकलेला ट्रॅक्टर असो की दुभाजकावर चढलेली एसटी, सगळे भरधाव आणि सगळे अविचारी. कोण कुठून आलं, इंडिकेटर होता का, समोरच्याचा लाइट चालू होता का, हे त्या वाक्यात कुठेच नसायचं. ते साक्षीदारांनी सांगायचं. आणि रस्त्यावर पन्नास असलेले साक्षीदार समन्स निघालं की पाचही सापडायचे नाहीत. सापडले तर निम्मे फितूर. फितूर म्हणजे दर वेळी पैसे खाल्लेलाच असतो असं नाही हो. चार वर्षांनी कोणाला आठवतंय सिग्नल कुठला होता?

म्हणून कॅमेरा लावावा या मताची मी आहेच. कलम आता जड झालंय, हेही कारण. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर जुन्या ३०४-अ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं, त्यात पाचपर्यंत. अशा वेळी आपली चूक नव्हती हे सांगणारं कोणीतरी गाडीत बसलेलं असावं. वहिनी असतातच, पण त्यांनी डोळे मिटलेले असतात.

अण्णांचा पहिला महिना मात्र फार करमणुकीचा गेला. त्या कॅमेऱ्यात धक्का ओळखणारं एक यंत्र असतं. गाडी आपटली की त्या मिनिटाचं चित्रण ते कुलूपबंद करून ठेवतं. एरवी कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं उतरत जातं; ६४ जीबीच्या कार्डात आठ-दहा तासांचा मामला. अण्णांनी उत्साहात त्या यंत्राची संवेदनशीलता सगळ्यात वर नेऊन ठेवली होती. आपल्या गावचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. भाजी आणायला जाऊन येईस्तोवर चौदा अपघात! आठवड्यात कार्ड गच्च भरलं आणि कॅमेरा एका लयीत टुक टुक करायला लागला. अण्णांना वाटलं पेट्रोल संपतंय.

मग पोरांकडून बाकीचं शिकले. साधं कार्ड लावू नये, सतत लिहिण्यापुसण्याने ते मरतं, जास्त दमाचं वेगळं मिळतं. बॅटरीवाल्यापेक्षा कपॅसिटरवाला कॅमेरा घ्यावा, कारण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत पापड वाळतात, तिथे लिथियमची बॅटरी फुगते. आरशाच्या मागे, चालवणाऱ्याच्या नजरेआड बसवावा. हे शेवटचं अण्णांनी उशिरा ऐकलं. आधी तो बरोबर नाकासमोर चिकटवला होता, गणपतीच्या मूर्तीच्या वर, आणि त्याच्या आडून रस्ता बघायला मान लांब करायचे.

एक दिवस अण्णा स्वतः भिंतीपाशी आले. "ताई, तुम्ही कोर्टातल्या. हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर पुरावा होतो का?"

मी त्यांना जालन्याची गोष्ट सांगितली. २०१४ च्या विधानसभेला तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल पडले. भांडण मतांचं नव्हतं, घड्याळाचं होतं. अर्ज भरायची मुदत दुपारी तीनची, आणि खोतकरांचा अर्ज तीननंतर दिला गेला, असं म्हणणं. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीत कॅमेरे होते, चित्रीकरण होतं, सीडी होत्या. सगळं दिसत होतं, पण सीडी म्हणजे प्रत, आणि प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाचा दाखला हवा. तो मागून मागून मिळेना. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली, मामला दिल्लीला गेला, आणि १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने जे सांगितलं ते आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून दाखवलं तर दाखल्याची गरज नाही. प्रत द्यायची तर दाखला पाहिजेच. तो मागूनही मिळत नसेल, तर कोर्टाकडे जाऊन तो मागवायला लावायचा. उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

"आता कलम ६५-ब गेलं, साक्ष्य अधिनियमाचं ६३ आलं," मी म्हटलं. "दाखल्याचे दोन भाग. एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश लिहावा लागतो. म्हणजे फाइलीचा अंगठा समजा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की फाइल दाबली जाते, अंगठा बदलतो."

"मग करायचं काय?"

"काही झालं की सगळ्यात आधी कार्ड काढून खिशात. गाडी चालवत राहिलात तर तुमचाच कॅमेरा तुमच्या पुराव्यावर नवा रस्ता छापेल. आणि कार्ड पोलिसांना दिलंत तर पंचनाम्यात लिहून घ्या."

अण्णा गंभीर झाले. जाताना मोगऱ्याला पाणी घालायचं विसरले.

आता खरी गंमत. गणपतीत त्यांची लेक, जावई, नातू सगळे आलेले. नातवाला आजोबांच्या कॅमेऱ्यातला पाऊस बघायचा होता म्हणून अण्णांनी ते कार्ड टीव्हीला लावलं. चित्रात कासचा रस्ता, धुकं, वायपर, फार सुंदर. आणि मागून वहिनींचा आवाज, स्वच्छ, खणखणीत: "विहीणबाईंनी दिलेली साडी बघितलीत का? अहो, ती तिलाच कोणीतरी दिलेली. घडीवर दुसऱ्याच दुकानाचा शिक्का." जावई त्या वेळी मोदक खात होते. वहिनींनी मला सांगितलं, मोदक त्यांच्या हातात तसाच राहिला, कळी खाली आणि सारण वर.

"कॅमेरा ऐकतो हे मला कोणी सांगितलं होतं, ताई?"

कोणीच सांगत नाही. दुकानदार लेन्स सांगतो, रात्रीचं चित्र सांगतो, काचेचा कोन सांगतो. आवाज बंद करायचं बटण असतं, ते माहितीपत्रकाच्या नवव्या पानावर. गाडी ही आपल्याकडे शेवटची खाजगी खोली उरली आहे. घरात सुना, ऑफिसात साहेब. मनातलं बोलायचं ते टोलनाका ते टोलनाका. तिथेही कान बसवायचा असेल तर निदान बसवणाऱ्याने बायकोला सांगावं.

वहिनींचा भाचा जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळ. त्याने फोनवर वेगळंच सांगितलं. तिथे म्हणे रस्ताभर सलग चित्रण करत फिरणं हा लोकांच्या खाजगीपणावर घाला समजतात. तरी २०१८ साली त्यांच्या वरच्या कोर्टाने अपघाताच्या दाव्यात असं चित्रण बघायला हरकत नाही, असा निकाल दिला. म्हणजे काढणं चूक, पण काढलेलंच आहे तर दाखवा. वहिनींना हे फार पटलं. आपल्या शेजारणींबद्दल त्यांचं साधारण असंच धोरण आहे. आणि रशियात उलट, तिथे जो तो लावतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये चेल्याबिन्स्कवर उल्का आली तेव्हा ती साऱ्या जगाने या गाड्यांच्या काचेतूनच बघितली. आपल्या काचेतून आजवर काय दिसलं, तर मोकाट म्हशी.

आता कोणी म्हणेल, मग कॅमेऱ्याने अण्णांचं एकदा तरी भलं केलं का? केलं की. पण आधी वाईट केलं.

पोवई नाक्याला एका रिक्षाने घासलं. अण्णा घरी आले ते विजयी मुद्रेने. "आज सापडला. राँग कट मारला त्याने, सगळं आलंय." आम्ही चौघं लॅपटॉपभोवती जमलो. चित्रात रिक्षा आपल्या लेनमध्ये, सरळ, शिस्तीत. अण्णांची गाडी हळूहळू डावीकडे सरकतेय. इंडिकेटरची टिकटिक नाही. उलट ऊन पडलेलं असताना वायपर एकदा खर्रकन् फिरलेला, कारण त्यांनी इंडिकेटर समजून तो दांडा ओढला. वर वहिनींचा आवाज: "अहो, बघा की!" आणि अण्णांचा: "मी बघतोय." आणि मग घास.

लॅपटॉपभोवती बराच वेळ कोणी बोललं नाही.

"पुसून टाकू का?" अण्णांनी मला हळूच विचारलं.

"पुरावा पुसणं हा वेगळा गुन्हा आहे, अण्णा."

"त्याने तक्रार नाही केली."

"मग तुम्हीही करू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या रिक्षावाल्याला शोधून पत्र्याचे आठशे रुपये दिले. चोळामोळा केलेल्या नोटा, त्यात एक पन्नासची फाटकी. मला हे वहिनींनी सांगितलं, अण्णांनी नाही. माझ्या मते साडेसहा हजारांतले निम्मे तिथेच वसूल झाले. एकतीस वर्षांत मी इतके साक्षीदार ऐकले, पण मालकाचं मीठ खाऊन मालकाच्या विरुद्ध जशीच्या तशी साक्ष देणारा हा पहिलाच. तेव्हापासून अण्णा इंडिकेटर देतात, वळायच्या फार आधी देतात, आणि कधीकधी वळून झाल्यावरही देत राहतात.

भलं झालं ते बाजारात गाडी उभी असताना. एका टेम्पोने रिव्हर्स घेताना दार चेपवलं आणि निघून गेला. नंबर आला, टेम्पोवाल्याला फोन गेला, त्याने विनातक्रार दुरुस्ती करून दिली. भांडण नाही, गर्दी नाही, सण नाही.

उभ्या गाडीत कॅमेरा चालायला वेगळी वायर ओढावी लागते. ती ओढली आणि चार दिवसांनी, भाचीच्या लग्नाच्या सकाळी, बॅटरी ठार. शालू नेसलेल्या वहिनी, सूट घातलेले अण्णा आणि गाऊनवरची मी, असे तिघांनी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली. मग इलेक्ट्रिशियनने व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद होणारा कटऑफ बसवला. आता तो रात्रभर अर्धवट डोळ्याने झोपतो; समोर काही हललं की जागा होऊन तेवढं टिपतो.

परवा वहिनी पुन्हा कढीपत्ता मागायला आल्या. माझ्या लक्षात आलं, पोटात काहीतरी आहे.

"काय काय दिसतं हो त्या रात्रीच्या चित्रात?" मीच विचारलं.

"काही नाही. मांजरं. पेपरवाला. समोरच्यांचा धाकटा पावणेदोनला येतो, चपला हातात घेऊन. कोपऱ्यावरचे आजोबा कचऱ्याची पिशवी आपल्या दिव्याच्या खांबाला अडकवून जातात."

"अगंबाई, ते आजोबा?"

"हो ना. आणि आमची गाडी आता पोर्चमध्ये उलटी लावतात. ह्यांना सकाळी काढायला सोपं पडतं." वहिनींनी भिंतीवरून झुकलेली फांदी जरा सरळ केली. "तोंड या भिंतीकडे येतं."

मी गाडीकडे बघितलं. आरशामागे तो बारीक निळा दिवा लुकलुकत होता.

"सकाळी उजाडताना फार छान उजेड असतो, ताई. सगळं रंगात येतं. जास्वंदीसुद्धा." त्यांनी कढीपत्त्याची जुडी पदरात घेतली आणि वळता वळता म्हणाल्या, "फुलं हवी तेवढी घ्या हो, देवालाच जातात. फक्त फांदी एवढी ओढू नका, मोडेल."