शेवटी कोण?

निर्जीव वस्तू नीट मांडल्या की मराठी भाषा खूश होऊन त्यांचं बारसंच करते. मडक्यावर मडकं चढलं की उतरंड. नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, मेथीची जुडी, केळ्यांची फणी, फटाक्यांची लड. आमच्या बेटेगावच्या शेतात भात कापून झाला की भाऱ्यांची उडवी रचली जाते. तिथून समुद्राकडे उतरलं तर वलांडीवर बोंबील वाळत असतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. मेल्यावर इतकी शिस्त! जिवंतपणी कसे वागत होते कोण जाणे.

माणसांच्या बाबतीत मात्र भाषेने हात आखडता घेतला. बसली तर पंगत, उभी राहिली तर रांग, संपलं. पंगतीत निदान समोर पान असतं, म्हणून माणूस जागचा हलत नाही. रांगेत समोर फक्त दुसऱ्याची पाठ. त्यात आमच्या बोईसरमध्ये ‘रांग’ हा शब्दही कुणी वापरत नाही. तिथे असते ती ‘लाईन’, आणि लाईनीत आपला असतो तो ‘नंबर’.

स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षा बघा. रिक्षांना कडक नंबर. पहिली भरल्याशिवाय दुसऱ्या रिक्षावाल्याने ‘बेटेगाव, बेटेगाव’ असं ओरडायचं नाही. ओरडलाच तर बाकीचे त्याच्या सात पिढ्या क्रमवार मोजतात. प्रवाशांना असला कायदा नाही. पण कोंबून झाल्यावर आत एक वेगळाच क्रम सुरू होतो. ‘तुम्ही कुठे उतरणार?’ लांब जाणारा आत, जवळचा कडेला. मग कडेचा आपल्या फाट्यावर न उतरता पुढच्या दुकानाशी उतरतो, मधला त्याच्या आधीच उतरायला उठतो आणि सगळे खाली उतरून पुन्हा बसतात.

रेशनच्या लाईनीत माणूस हजर असण्याचीही गरज नसते. चप्पल उभी राहते, पिशवी उभी राहते, वेळप्रसंगी धोंडाही. ‘माझी पिशवी तुझ्या आधी आलीय,’ असं आमच्या आजीने एका धडधाकट तरुणाला सुनावलं होतं, आणि तो बिचारा पिशवीच्या मागे जाऊन उभा राहिला. नवीन आलेला माणूस ‘शेवटी कोण?’ असं विचारतो तेव्हा सगळे आभाळाकडे बघतात, कारण आपण शेवटचे हे कबूल करायला कुणीच तयार नसतो. मग एक बाई कुठूनशा उगवतात आणि म्हणतात, ‘मी ह्यांच्या मागे होते.’ होते! मराठी व्याकरणात याहून शूर भूतकाळ नाही. तिकीट खिडकीवर तोच पराक्रम वर्तमानकाळात चालतो: ‘जरा घाई आहे हो, माझं एकच आहे.’

साध्या माणसांनाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली गुण्यागोविंदाने सुरू झाल्या. पुढे शेजारीच 540 मेगावॅटच्या आणखी दोन उभ्या राहिल्या, तिसरी आणि चौथी. त्यांतल्या चौथीने 2005 मध्येच व्यावसायिक वीज द्यायला सुरुवात केली आणि तिसरीचा नंबर लागला 2006 मध्ये. मोठमोठ्या अभियंत्यांकडे याची शास्त्रशुद्ध कारणं असणारच. मला मात्र चौथी तिसरीला कोपराने सरकवत ‘माझं एकच आहे’ म्हणताना दिसते.

आमच्याकडे क्रम मोडत नाही तो फक्त स्टेशनांचा. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत जायला लागल्यापासून हे पोरांनाही पाढ्यासारखं पाठ आहे. रूळ असल्यामुळे उमरोळीला मध्ये घुसून पालघरच्या पुढे जाता येत नाही, एवढंच.

गाडीच्या आत मात्र आपणच असतो. पालघर सुटलं की उतरणाऱ्यांची लाईन लागते आणि प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्याला बोट लावतो.

‘बोईसर का?’

‘हो. पुढच्यांना विचारा.’

‘पुढचे, बोईसर का?’

‘आम्ही उतरणार हो, त्यांच्या पुढचे बघा.’

असा प्रश्न सरकत सरकत उमरोळी ओलांडतो. गाडी बोईसरला थांबते तेव्हा तो दारात दांडा धरून उभ्या असलेल्या गृहस्थांपर्यंत पोहोचलेला असतो. ते शांतपणे मान वळवतात आणि म्हणतात,

‘वाणगाव.’