नानांची भुतावळ

नानांच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतील एवढी जागा आहे आणि दोन्ही गाड्या बारा महिने बाहेर उभ्या असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये हिवाळ्यात याचा अर्थ काय होतो, ते भल्या पहाटे काचेवरचा बर्फ खरवडत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला विचारावं. आत काय आहे? दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, टॉयलेट पेपरच्या नळ्या, आमरसाचे डबे, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. शिवाय ऑनलाइन मागवलेल्या प्रत्येक वस्तूचं खोकं, त्या खोक्यात त्याहून लहान खोकं.

नाना कंजूष मुळीच नाहीत. घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, लग्नाच्या आहेराला हात आखडणार नाहीत. पण वस्तू टाकायची म्हटली की त्यांच्या पोटात गोळा येतो. डालड्याच्या डब्यात तुळस आणि बोर्नव्हिटाच्या बाटलीत मोहरी बघत वाढलेला जीव तो. तिकडे भारतात निदान दारावर भंगारवाला यायचा, रद्दी तोलून चार पैसे हातावर ठेवायचा, आणि तो काटा मारतो म्हणून त्याच्याशी भांडायचं सुखही मिळायचं. इथे नगरपालिकेची गाडी येते आणि सगळं फुकट घेऊन जाते. नानांना हा उघडउघड दरोडा वाटतो. म्हणून बुधवारी रात्री मुलगा रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवतो आणि तासाभराने नाना त्यातलं निम्मं परत आत आणतात.

"असू द्या, लागेल कशाला तरी," हे त्यांचं पालुपद. ते वर्षानुवर्षं कशालाच लागलं नाही. मग नातवंडं मोठी झाली, शाळेतून हॅलोवीन घरात शिरला, आणि नानांच्या अडगळीचं सोनं झालं.

आता ऑगस्ट संपला की त्यांचा कारखाना सुरू होतो. दुधाच्या कॅनवर काळ्या मार्करने डोळे आणि वासलेलं तोंड काढायचं, मागून भोक पाडून आत दिव्यांची माळ कोंबायची, की भूत तयार. प्लास्टिक दुधाळ असल्यामुळे उजेड छान पसरतो. अंड्यांच्या ट्रेमधल्या तीन वाट्या सलग कापल्या, कडेच्या दोन्हींना कात्रीने खाचा दिल्या आणि काळा रंग फासला की वटवाघूळ. टॉयलेट पेपरच्या नळीला डोळ्यांच्या आकाराची भोकं पाडून आत चमकणारी कांडी घातली आणि नळी झुडपात दडवली की अंधारात कोणीतरी टपून बसलंय असं वाटतं. शेजारची मांजर अजून त्या झुडपाकडे फिरकत नाही.

आमरसाच्या डब्यांचे कंदील हा मात्र नानांचा खास प्रांत. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला तर पत्रा आत चेपतो. म्हणून डब्यात पाणी भरून तो रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि आतल्या बर्फाच्या आधाराने भोकं पाडायची. पाणी काठोकाठ भरायचं नाही, कारण गोठताना ते फुगतं आणि बूड बाहेर येऊन डबा डुगडुगतो. डब्याखाली जुना टॉवेल, हातात हातोडी, नाकावर चष्मा. एकेक भोक पाडत कवटी उमटवताना नाना जेवायला हाक मारली तरी ओ देत नाहीत. इकडे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, फ्रीझरमध्ये खोवलेला नारळ सापडत नाही. पुढचे सगळे डबे काढावे तेव्हा तो मागे, दगड होऊन बसलेला.

उभ्या भुतांना पातळ कापड लागतं. बाटलीवर चेंडू बसवायचा, त्यावर पेजेत बुडवलेलं कापड टाकायचं आणि दोन दिवस वाळू द्यायचं. मग आतली बाटली काढून घेतली तरी भूत आपल्या पायांवर उभं. एका वर्षी कापडावर काठ दिसला आणि काकू किंचाळल्या, "अहो, मामंजींचं धोतर आहे ते!"

"मग? अमेरिका बघायची राहिलीच होती त्यांची," नाना म्हणाले.

पितृपक्ष नुकताच सरला होता. काकूंनी त्या भुताला अंगणात जाऊ दिलं नाही. ते देवघराशेजारच्या कोनाड्यात उभं राहिलं, आणि एकदा त्याच्यापुढे वाटीभर खीर ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे.

थडगी नानांना आयतीच मिळतात. गणपतीच्या मखराच्या कमानी वरून गोल असतात. सोनेरी रंगावर राखाडी फासला की झालं. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या मखरांवर बंदी आहे, हे सुनेने त्यांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "म्हणूनच तर टाकत नाही." घाईत केलेल्या एका थडग्यावर रंगाखालून 'मोरया' अजून वाचता येतं.

मुलांना पाहुण्या भुतांची नावं कळावीत म्हणून नाना ओळख करून देतात. हा वेताळ, हा खवीस, तो मेपलवर लटकतोय तो मुंज्या. पिंपळ नाही, त्याला इलाज नाही. भोपळ्याजवळ आलं की व्याख्यान सुरू होतं. आयरिश लोक मुळात सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा मोठा आणि मऊ मिळाला म्हणून तो कोरू लागले. म्हणजे तीही घरात असेल त्यात भागवणारी माणसं, हा नानांचा निष्कर्ष. कोरून निघालेला गर अर्थातच घारग्यांसाठी आत जातो. कोरायचा भोपळा पाणचट आणि दोरेदार असतो, कितीही गूळ घातला तरी घारगे लागतात कसेसेच. पण ते सगळ्यांना खावे लागतात.

२०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी हॅलोवीनच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी हडळ. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, म्हणून काकूंनी लक्ष्मीच्या पावलांचा पुठ्ठ्याचा छाप कापून ठेवला होता. नानांनी तोच छाप उलटा धरून फाटकापासून दारापर्यंत हडळीची उलटी पावलं उमटवली, तीही रांगोळीने. काकूंच्या लक्षात आलं की या हिशेबाने लक्ष्मी घरातून बाहेर चालली आहे. त्यानंतर नाना पाइप घेऊन अंगण धूत होते आणि चॉकलेटं मागायला आलेली पोरं शिंतोडे चुकवत दाराशी पोचत होती.

खर्चाचा विषय त्यांच्यासमोर काढू नये. अडगळ फुकटची, पण ग्लू गन, तिच्या कांड्या, काळ्या आणि राखाडी रंगाचे स्प्रे, दिव्यांच्या माळा... चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सुनेने एकदा सगळ्या पावत्या जुळवून बेरीज दाखवली. नानांनी ती लक्ष देऊन पाहिली आणि पावत्या ठेवून घेतल्या. मागची बाजू कोरी होती.

समोरचे गृहस्थ दुसऱ्या टोकाचे. होम डेपोने २०२० मध्ये बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरला काढला आणि तो हातोहात खपला. तसला एक त्यांनीही आणला. सगळी गल्ली बघायला जमली, पोरं त्याच्या पायांत उभी राहून फोटो काढत होती. नाना हात मागे बांधून त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारून आले. वर बघितलं, खाली बघितलं. आता यांना हार मानावी लागणार, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. नाना त्या गृहस्थांच्या जवळ गेले आणि हळूच विचारलं, "याचं खोकं टाकणार आहात का?"