चिलापीचा रहिवासी दाखला

ज्या गावाजवळ मोठं धरण नाही, त्या गावात माशांवर सर्वांत अधिकारवाणीने बोललं जातं. खेड घाट चढून वर आलं की लागणारं पेठ हे तसलं गाव. आमच्या सातगाव पठारावर पिकतो बटाटा, आणि वेळ नदी तिला वेळ असेल तेव्हा वाहते. पण डिंभे, वडज, येडगाव, माणिकडोह अशा कुठल्याही पाण्याकडे निघालेला पुण्याचा गळवाला पेठेवरून जातो, चहाला थांबतो आणि थांबला की भांडतो. मासा घोड नदीचा असो, मीनेचा असो की कुकडीचा, त्याच्या चारित्र्याचा निकाल पेठेच्या चहाच्या टपरीवर लागतो.

या भांडणात दोन संप्रदाय आहेत. एक सोडकरी, दुसरा तळकरी.

सोडकरी शनिवारी पहाटे पुण्याहून येतो. काठीची खरी किंमत त्याने घरी निम्मी करून सांगितलेली असते. गळाचा उलटा काटा त्याने पकडीने दाबून सपाट केलेला असतो, म्हणजे माशाच्या तोंडाची चिरफाड होत नाही. मासा वर आला की तो आधी हात ओले करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमेला बुरशी धरते. हे खरं आहे, आणि तो ते इतक्यांदा सांगतो की टपरीवरचं पोरगंही आता कपबशी उचलण्याआधी हात ओले करतं. मग फोटो. एक डावीकडून, एक उजवीकडून, एक हात पुढे ताणून, म्हणजे दोन किलोचा मासा पाच किलोचा दिसतो. एवढा वेळ मासा तोंडाची उघडझाप करत या तत्त्वज्ञानाचा विचार करतो. शेवटी त्याला पाण्यात सोडलं की सोडकऱ्याच्या चेहऱ्यावर एकादशी सुटल्याचं समाधान पसरतं.

तळकरी इथलाच. त्याला काठी लागत नाही. तंगूस पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला, वजनाला ट्रॅक्टरचा जुना नट, आणि गळाला कणकेचा गोळा, ज्यात काय मिसळलंय ते तो सख्ख्या भावाला सांगत नाही. त्याचा सोडकऱ्याला एकच प्रश्न असतो, “खायचा न्हाई, तर टोचायचा कशापायी, साहेब?” याला सोडकऱ्याकडे मराठीत उत्तर नाही, म्हणून तो इंग्रजीत देतो.

परंपरेचा दाखला काढायचा तर तो तळकऱ्यांच्या बाजूने निघतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात गळाने मासे धरणं हा राजाचा विनोद म्हणून सांगितला आहे, कुठल्या माशाला कुठलं आमिष हेही सांगितलं आहे. त्याच ग्रंथात मासे रांधायच्या कृतीही आहेत. राजाचा पंथ यावरून उघड होतो.

एक तिसरा पंथही आहे. तो विहिरीच्या कामातून उरलेलं जिलेटिन डोहात लावतो आणि मासे गोळा करतो. त्याचा निषेध करण्यात सोडकरी आणि तळकरी यांचं पूर्ण एकमत असतं. पाण्यात स्फोटकं लावायला आणि विष कालवायला १८९७च्या कायद्यानेच मनाई केलेली आहे. सव्वाशे वर्षांत गुन्हेगाराची ओळखही पक्की झाली आहे, तो नेहमी पलीकडच्या गावचा असतो. पलीकडच्या गावात विचारलं तर तो पेठेचा निघतो.

पण हे झालं नेहमीचं. खरा रंग चढतो तो चिलापीवर. सोडकऱ्यांचा धर्म सांगतो, मासा सोडावा. मात्र चिलापी गळाला लागली तर ती परकी, तिला पाण्यात परत सोडणं पाप, ती काठावर फेकावी. तळकऱ्याचा धर्म सांगतो, मासा सोडू नये. मात्र चिलापी बोटाएवढी निघाली तर तो म्हणतो, “जाऊ दे, पोसू दे जरा.” म्हणजे भूतदयेवर व्याख्यान देणारा काठावर सडा घालतो, आणि तळणारा जीवदान देतो. काठावर वाळणारे ते मासे पाहून तात्या एकदा इतके संतापले की त्यांनी कपातला चहा बशीत न ओतता थेट प्यायला.

“परकी कशी? दाखला काढा,” असं तात्यांचं म्हणणं पडलं. आपल्याकडे राज्याचा रहिवासी व्हायला साधारण पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. आता चिलापी, म्हणजे मोझांबिकचा तिलापिया, भारतात आणला गेला १९५२ साली. मादी अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळते, काही महिन्यांत लेकी वयात येतात, वर्षातून अनेकदा वीण होते आणि पाणी घाण असलं तरी कुरकूर नाही. १९५९ साली मत्स्यसंशोधन समितीने फर्मान काढलं, की हा मासा आता आणखी पसरवू नका. माशाने ते वाचलं नाही. महाराष्ट्र राज्य झालं १९६० साली. म्हणजे भूमिपुत्रांच्या रांगेत चिलापी राज्याच्याही आठ वर्षं पुढे उभी आहे. सेतू केंद्रात तिला फक्त फोटो आणि आधार लागेल.

तिच्यामागे रांगेत कटला, रोहू आणि मृगळ उभे आहेत. त्यांना दाखल्याची गरज वाटत नाही, कारण ते स्वतःला इथलेच समजतात. मुळात ते गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या धरणांत ते आले मत्स्यबीजाच्या प्लास्टिक पिशवीतून, पुढाऱ्याच्या हस्ते, पेपरात छापलेल्या फोटोसकट. त्याच रांगेत सायप्रिनस. तो १९३९ साली निलगिरीत उतरला आणि त्याचा दुसरा वाण १९५७ साली बँकॉकहून आला. त्याच्याही मागे १९५९ साली आलेला चंदेरा. या रांगेतून एक नियम आपोआप हाती लागतो. पुढाऱ्याने सोडला तो देशी, आपल्या पायाने आला तो घुसखोर.

एकदा या चर्चेत डिंभ्याकडचा एक मच्छीमार बसला होता. डिंभे धरण पुरं झालं २००० साली, त्याच्या पोटात मूळचं आंबेगाव गेलं आणि तालुक्याला नुसतं नाव उरलं. ज्यांची गावं नि भातखाचरं पाण्याखाली गेली, त्या आदिवासींनी त्याच पाण्यावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तो माणूस शांतपणे म्हणाला, “तुमचा रविवार जातो, आमचा महिना जातो. जाळ्यात कटला आला तर पोरांची फी निघते. तो गंगेचा का कुठला, ते आम्ही त्याला इचारत न्हाई. आम्हाला पण कुणी इचारलं न्हवतं.” क्षणभर टपरी गप्प झाली. मग कुणीतरी काठीच्या रिळाचा विषय काढला.

परक्यांना विरोध करणाऱ्या या मंडळींनी पाठ टेकली होती ती भिंत पाहण्यासारखी. गेरूच्या पट्ट्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. गप्पी दक्षिण अमेरिकेचा. त्याला आरोग्य खात्याने निमंत्रण दिलं, ग्रामपंचायतीने भिंत दिली, आणि आपण सगळ्यांनी टाकीत जागा दिली. टाकीतून तो ओढ्यात गेला आणि तिथे डासाच्या अळीबरोबर बेडकाची अंडी नि इथल्या माशांची पिल्लंही खाऊ लागला, पण भिंतीवरचा रंग अजून पक्का आहे. तोच प्रकार काचेच्या पेटीतल्या सकर माशाचा. पेटीत मावेनासा झाला की मालकाला दया येते आणि तो त्याला नदीत ‘मुक्त’ करतो. मग उजनीतला मच्छीमार फाटलेलं जाळं शिवत त्या दयाळू माणसाच्या सात पिढ्यांचं स्मरण करतो.

बटाट्यावर जगणाऱ्या गावात हा विषय निघाला की अण्णांना गप्प बसवत नाही. “बटाटा कुठला? अमेरिकेकडला. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो कुठला? तिकडलाच. चिलापीला लावताय ती मिरची कुठली? तीपण तिकडलीच. मग मासाच काय घोडं मारतोय?” टपरीला हे पटलं. पठारावर बटाट्याविरुद्ध बोलून कुणाला निवडणूक लढवायची आहे?

अण्णांना अडवलं ते मास्तरांनी. ते म्हणाले, “अण्णा, तुमचा बटाटा रात्री वावरातून उठून शेजाऱ्याच्या विहिरीत जातो का? मांगूर जातो.” हा मुद्दा बिनतोड होता. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो आणि वाटेत तोंडात मावेल ते गिळतो. २००० सालापासून देशात त्याच्या पालनाला बंदी आहे. हरित लवादाने कान उपटल्यावर मत्स्य विभागाने ठिकठिकाणची तळी रिकामी करून तो पुरला. इथला देशी मांगूर मात्र नावाच्या सारखेपणात अडकला. बंदी असलेला मासा विकणारा त्याला गावठी म्हणून विकतो, आणि खराखुरा गावठी घेऊन बसलेल्याकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं.

इथवर सोडकरी जरा खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी आपला देव बाहेर काढला, तो म्हणजे महसीर. महसीर म्हणजे निव्वळ भूमिपुत्र! ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराची शास्त्रात नोंद केली आणि त्याच्या नावात ‘खुडरी’ हा शब्द कायमचा बसला. महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीच्या धाकाने त्याला कुणी हात लावत नाही. नद्यांवर धरणं झाली, अंडी घालायला वर चढायची वाट बंद झाली आणि तो विरळ झाला, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार केली आणि गावोगावच्या पाण्यांत धाडली. सोडकऱ्यांनी हे सांगताना टोप्या काढल्या होत्या.

“कुठकुठं धाडली?” मास्तरांनी विचारलं.

“देशभर. कावेरीतसुद्धा.”

झालं. कावेरीत मुळात एक कुबडा महसीर राहत होता, नारिंगी परांचा, अवाढव्य. तिच्या काबिनी या उपनदीत १९४६ साली १२० पौंडांचा महसीर गळाला लागल्याची नोंद जगभरचे गळवाले अजून तोंडपाठ म्हणतात. त्या पाण्यात गळाची मौज वाढावी, मासा वाचावा, अशा सद्हेतूने आपला निळ्या परांचा पुणेकर तिकडे सोडला गेला. त्याने तिथं बस्तान बसवलं, आणि कुबडा दिसेनासा होत गेला. धरणं, वाळूउपसा नि सुरुंग यांचाही त्यात हात आहेच. कुबड्याची नीट ओळख पटून त्याला टोर रेमादेवी हे नाव लागलं ते २०१८ साली, आणि नाव लागलं तेव्हा तो नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर होता. आपला खुडरी मात्र आता धोक्याच्या यादीतून सुखरूप बाहेर आहे. इथला भूमिपुत्र तिथला परप्रांतीय निघाला, आणि त्याला गाडीत बसवून देणारे सगळे सज्जन होते.

तळकऱ्यांनी या गोष्टीवर हसायला सुरुवात केली, पण मास्तरांनी त्यांनाही थांबवलं. कारण हे सगळं कळलं ते सोडकऱ्यांमुळेच. कावेरीकाठच्या गालीबोरे तळावर येणारे गळवाले कुठला मासा लागला, किती वजनाचा, किती तासांत, हे लिहून ठेवत होते. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी २०१५ साली मांडल्या, तेव्हा निळे वाढताना आणि कुबडे घटताना कागदावर दिसले. फोटोंनी माशाला वाचवलं नाही, पण वहीने निदान पंचनामा करून दिला.

आणि आपल्याकडे? घोडेत, मीनेत, कुकडीत पूर्वी काय होतं आणि आता काय आहे, हे सांगायला फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत. वाहतं पाणी अडवून आपण तलाव केले. तलावात जगणारा मासा तगला, वाहत्या पाण्याचा गेला, आणि आपण टपरीवर बसून चिलापीचं कुळ काढतोय. भिंत बांधणाऱ्याचं कुळ कुणी काढत नाही, कारण त्याच भिंतीच्या पाण्यावर सगळ्यांचा ऊस उभा आहे.

शेवटी मास्तरांच्या अध्यक्षतेखाली सर्वानुमते ठराव झाला. आजपासून टपरीवर एक वही ठेवायची. सोडकरी असो वा तळकरी, परतताना प्रत्येकाने लिहायचं, कुठलं पाणी, कुठला मासा, देशी की परका, सोडला की तळला. ठरावाला टाळ्या पडल्या. दोन्ही संप्रदायांनी वर्गणी काढून शंभरपानी वही आणली, पेनाला दोरी बांधली. मग मास्तरांनी सहज एक अट घातली, की वजन अंदाजाने नाही, टपरीवरच्या काट्यावर करून लिहायचं.

वहीला तीन महिने झाले. अजून एकाही गळवाल्याला मासा लागलेला नाही.