राजोडीचे पिस्तूलपंडित

रविवारी संध्याकाळी अर्धं नालासोपारा राजोडीच्या किनाऱ्यावर भेळ खायला उतरतं. त्या वेळी सुरूच्या झाडांखाली चारपाच पुरुष समुद्राकडे पाठ करून बसलेले दिसले, तर ते पिस्तूलपंडित समजावेत. पिस्तूल त्यांच्यापैकी एकाकडेही नाही. म्हणून तर चर्चा मोकळेपणाने होते.

मंडळाचे म्होरके बँकेतून निवृत्त झालेत. दारातल्या पहारेकऱ्याची दुनळी बंदूक त्यांनी नोकरीभर पाहिली. उडालेली कधीच नाही. एवढ्या भांडवलावर ते वेब्ली रिव्हॉल्वर मधोमध कसं मोडतं ते चष्म्याच्या डबीवर करून दाखवतात. सिनेमात नायकाने सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरमधून सातवी झाडली, की थेटरात मोठ्याने “सात!” म्हणतात. काकू हल्ली दोन रांगा सोडून बसतात. १९०९ साली नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला मारलं, तेव्हा नाटक ‘शारदा’ चालू होतं हे काकूंना ठाऊक. पिस्तूल ब्राउनिंग होतं हे काकांना. संसार असा पूरक आहे.

खरा तंटा रिव्हॉल्वरवाले आणि पिस्तूलवाले यांचा. “एक गोळी फुसकी निघाली, तर पुन्हा चाप ओढा, पुढची हजर!” हा पहिला पक्ष. “पण कमरेला केवढा फुगवटा!” हा दुसरा. दुसऱ्या पक्षाच्या पोटाकडे पाहता हा मुद्दा त्यांनी काढू नये, असं माझं मत आहे. २०१४ साली कानपूरहून बायकांसाठी म्हणून आलेलं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर दोन्ही पक्षांना आवडतं. किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, हे आठवलं की दोन्ही पक्ष भेळेकडे वळतात.

सरकारवर मात्र एकमुखी राग. ९ एमएम हा लष्कर-पोलिसांचा बोअर, तो सामान्य माणसाला मिळत नाही. त्याने पॉइंट ३२ वर भागवायचं. जणू ताटातली सुरमई उचलून बोंबील वाढला! अर्ज मात्र पॉइंट ३२ साठीही कोणी केलेला नाही. कारण शस्त्र कशासाठी हवं, ते अर्जात लिहावं लागतं. जिवाला धोका कोणापासून म्हणून सांगणार? सोसायटीच्या सेक्रेटरीपासून?

कधीमधी तिथे वाडीवाले एक अंकल येऊन टेकतात. त्यांच्याकडे खरंखुरं, परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, वडिलांकडून आलेलं. पंडित त्यांच्याभोवती सरकतात.

“हातात घेतल्यावर कसं वाटतं हो?”

“पावती सांभाळायला लागते,” अंकल म्हणतात. “निवडणूक आली की ठाण्यातून फोन. जमा करा. २०२४ ला दोनदा केलं, लोकसभेला नि विधानसभेला. मग सोडवून आणा. मग रिन्युअल. पूर्वी तीन वर्षांनी होतं, आता पाच. तेवढंच बरं झालं.”

“पण चालवलंय ना कधी?”

“तेल लावतो.”

“कुठलं?”

“शिलाई मशीनचं.”

मंडळात हाहाकार. पिस्तूलवाल्यांच्या मते असल्या तेलाने स्प्रिंगची वाट लागते. रिव्हॉल्वरवाल्यांच्या मते स्प्रिंगला काही होत नाही, नळीला होतं. म्होरक्यांनी चष्म्याची डबी उघडली आणि तेल नेमकं कुठे, किती थेंब सोडायचं ते दाखवायला घेतलं. अंकल केव्हाच उठून गेले होते. पहाटे केळीचा टेम्पो भरायचा होता.