निर्लेखनास पात्र

वर्धा जिल्ह्यात राहून जुनी यंत्रं गोळा करायची म्हणजे छाती लागते. पाहुणा बैठकीत येतो, भिंतीला रांगेनं मांडलेले टाइपरायटर बघतो आणि चहा यायच्या आत विचारतो, "गांधीजींच्या जिल्ह्यात हे?" माझं उत्तर पाठ आहे. गांधीजींच्या चरखा संघानं १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अट अशी, की यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये आणि नीट निगा राखली तर ते वीस वर्षं चाललं पाहिजे. बक्षीस कुणाच्याच पदरात पडलं नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ साली खुद्द गांधीजींनी केलं. सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून दिलेला टेलिफोन आजही जपून ठेवलाय, आणि सापाला न मारता धरायचा चिमटाही. साप आणि व्हाइसरॉय, दोघांशी अहिंसेनं कसं वागायचं त्याची सगळी सामग्री एकाच आवारात! तेव्हा यंत्रं जपणं ही आमच्या जिल्ह्याची जुनीच खोड आहे. मी फक्त चरख्याच्या पुढची पिढी सांभाळतो.

राहतो नाचणगावात. पुलगाव अगदी लागून, आणि पुलगाव म्हणजे हिशेबाचं गाव. तिथं कापडाची गिरणी होती, लष्कराचं दारूगोळा भांडार आहे, आर्वीला जाणारी छोटी रेल्वे होती. जिथं हिशेब तिथं कारकून आला, आणि कारकुनाच्या पुढ्यात एखादं यंत्र. मीही त्याच जातीचा, एका कचेरीत जन्म घालवलेला. लोकांना निवृत्तीनंतर तीर्थयात्रा सुचते, मला फॅसिटचं हिशेबाचं यंत्र सुचलं.

हे फॅसिट माझ्या संग्रहातलं लाडकं बाळ. विजेशिवाय चालतं, उजव्या हाताला हँडल. बेरजेला हँडल पुढं फिरवायचं, वजाबाकीला मागं. भागाकाराची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करत राहायचं, घर्र घर्र घर्र. एक फेरा जास्त झाला, की आतून घंटा वाजते. मग मुकाट्यानं एक फेरा उलटा द्यायचा आणि पुढच्या घरात सरकायचं. शिल्लक नसताना काढायला गेलं की घंटा वाजवणारं हे सरकारदरबारातलं शेवटचं यंत्र असावं. त्यानंतर आलेली सगळी मुकाट्यानं वजा करतात.

टाइपरायटरांची गोष्ट वेगळी. आमच्या पिढीत दहावी-बारावी झाली, की पोराला टायपिंगला घालत. ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे. या मंत्राचा जप करून किती बेकार मुलं बेकारच राहिली, पण दहा बोटांनी. इंग्रजी तीस झालं, इंग्रजी चाळीस झालं, की बाप मराठीला पाठवायचा. आणि मराठी यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे. कागदावर ती डावीकडं उमटते ना, म्हणून. 'किती' लिहायचं तर 'क'चा विचार करायच्या आत वेलांटीचा निर्णय झालेला पाहिजे. शुद्धलेखनाच्या बाबतीत लिहिण्याआधी विचार करायला लावणारं असं दुसरं यंत्र मला तरी ठाऊक नाही. आता मुलं आधी लिहितात, मग पाठवतात, आणि विचार वाचणाऱ्यानं करायचा असतो.

शिवाय त्या यंत्रांना आवाज होता. साहेब केबिनमध्ये डोळे मिटून बसले, तरी बाहेर काम चाललंय की नाही ते त्यांना कळे. आमच्या कचेरीत एक बुजुर्ग टंकलेखक होते. साहेब दौऱ्यावर असले, की ते लग्नपत्रिका, पोरांचे बायोडेटा, भजनी मंडळाची वर्गणीची यादी, असं सगळं त्याच खडखडाटात उरकून टाकायचे. आवाजावरून शासकीय आणि खासगी ओळखणारा कान अजून जन्माला यायचा होता. सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिल कापायची असली, की रिबनचा खटका लालकाळ्यावरून पांढऱ्या खुणेवर आणायचा. मग रिबन वर उचलली जात नसे आणि टाइप थेट मेणकागदावर बसे. आवाज बदलायचा, जरा बोचरा व्हायचा. तो आवाज आला, की अख्ख्या कचेरीला कळायचं, परिपत्रक निघतंय. चूक झाली तर ती लाल औषधाची बाटली. फुंकर मारून वाळवायची आणि वरून पुन्हा टाइप करायचं. त्या वासानं आम्हाला किंचित गुंगी यायची. जुन्या परिपत्रकांची भाषा तशी का, याचा उलगडा मला तिथंच होतो.

मग कॉम्प्युटर आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेला टिफ्रॅक १९६० साली सुरू झाला, तो २,७०० व्हॅक्यूम ट्यूबांचा. १९६२ साली त्याचं बारसं पंडित नेहरूंनी केलं. आमच्याकडं कॉम्प्युटर पोचायला पुढं पाव शतक लागलं आणि बारशाला नारळ फोडला शिपायानं. पण मान टिफ्रॅकपेक्षा कमी नव्हता. वर्ध्याचा उन्हाळा ठाऊक आहे ना? पारा पंचेचाळीसच्या पुढं. माणसांना वाळ्याचा एक कूलर, त्यातही दुपारी पाणी संपलेलं. कॉम्प्युटरला मात्र एसी, काचेची खोली, मखमली झूल आणि बाहेर पाटी, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. गाभाऱ्याच्या दाराशी असतात तशा त्या दाराशी चपला. मे महिन्यात सगळ्या शाखांना कॉम्प्युटरची निकड एकदम भासू लागे. आस्थापना शाखेचे कारकून रजेच्या अर्जांची 'एंट्री' करायला जायचे आणि घाम सुकला की परत यायचे. आत एक मुलगा सव्वापाच इंची फ्लॉपी दोन बोटांत धरून बसलेला असायचा, बेलाचं पान धरावं तशी भक्तिभावानं नव्हे, पण पडली तर नोकरी जाईल अशा काळजीनं. तिच्यात ३६० केबी माल मावे. आज फोनमधला एक 'शुभ सकाळ'चा फोटोही तिच्यात शिरणार नाही.

आता हे सगळं माझ्या घरी कसं आलं ते सांगतो. सरकारी माणूस अठ्ठावन्न पूर्ण केली, की महिनाअखेरीला आपोआप निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि घरी. यंत्राला इतकं सोपं नाही. त्याचं निर्लेखन करावं लागतं. आधी जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची मूळ नोंद सापडली पाहिजे, आणि ती वही नेमकी वाळवीनं खाल्लेली असते. मग समिती, मग पाहणी, मग 'सदर यंत्र दुरुस्तीयोग्य नाही' असा मेकॅनिकचा दाखला. तो प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो, पुन्हा जातो. तोवर समितीतले दोघे स्वतः निवृत्त होतात. शेवटी लिलाव, आणि तोही लॉटनं. एक टाइपरायटर हवा असेल, तर त्याच्याबरोबर तीन पायांची खुर्ची, पातं नसलेला पंखा, चार मॉनिटर आणि बाहेर पडलेल्या मंत्र्यांची फ्रेम घ्यावीच लागते. आमच्या पडवीत आज जे दिसतं त्यातलं निम्मं मी निवडलेलं नाही, ते माझ्या नशिबी आलेलं आहे. गंमत म्हणजे दाखला देणाऱ्या त्याच मेकॅनिककडं मी ते 'दुरुस्तीयोग्य नसलेलं' यंत्र घेऊन जातो. तो घासलेटनं धुतो, शिवणयंत्राचं तेल सोडतो, आणि चहा संपायच्या आत यंत्र खडखडायला लागतं. "दाखल्याचे पैसे वेगळे जी, दुरुस्तीचे वेगळे," म्हणतो.

लिलावात माझा प्रतिस्पर्धी एकच, पुलगावचा एक कबाडी. सुरुवातीला त्याला माझी कीव यायची. "काहून जी काका, हे कायले घेता? लोखंड हाय, पंधरा किलो भरते." त्याचं शास्त्र पक्कं. मॉनिटर उघडून नळीच्या मानेवरचं तांबं काढून घ्यायचं, काच सोडून द्यायची. "काचेले कोणी इचारत नाही. अंदर शिसं असते." मदरबोर्डचा भाव वेगळा, डब्याचा वेगळा. मी त्याला सांगू लागलो. हे गोदरेज बघ, भारतात बनलेला पहिला टाइपरायटर याच घराण्यातला, १९५५ सालचा. शिरवळच्या कारखान्यात २००९ साली हे बनणं थांबलं, शेवटी उरली ती बरीचशी अरबी लिपीची यंत्रं. रेमिंग्टनची ही घंटा ऐक. तो मान हलवत राहायचा. मला वाटायचं, बिचारा सौजन्यानं ऐकतोय.

तो शिकत होता. पुढच्या एका लिलावानंतर मी त्याच्या गोदामात गेलो. फॅसिटचं जुळं भावंड काट्यावर नव्हतं, धुऊनपुसून टेबलावर मांडलेलं होतं.

"किती किलो भरतं?" मी विचारलं.

"किलोनं नाही जी काका. हे भंगार नोहे, अँटिक हाय."

भाव ऐकून माझ्या आतली घंटा वाजली. शिवाय त्यानं नवा धंदा काढला होता. लग्नाआधीच्या फोटोसाठी नवरानवरी टाइपरायटर भाड्यानं नेतात. कपाशीच्या धुऱ्यावर बाज टाकायची, तिच्यावर यंत्र, आणि नवरीनं दोन बोटांनी प्रेमपत्र टाइप केल्यासारखं करायचं. रिबन नसली तरी चालते. आयुष्यभर दहा बोटांनी टाइप करून आम्हाला कुणी फोटोत घेतलं नाही.

परवा तो घरी आला, पडवीत फिरला, प्रत्येक यंत्र उचलून पाहिलं आणि खुर्चीत बसून हळूच म्हणाला, "काका, राग नका येऊ देऊ. तुमच्या मांगं हे पायनार कोन?"

"पोरगं आहे पुण्याला."

"त्याले घरात जागा हाय का? नसन. माहा नंबर त्याच्यापाशी देऊन ठेवा."

मी म्हटलं, "असं तोंडी चालत नाही. रीतसर अर्ज कर. मी समिती नेमतो. नोंदवही तपासायची, घसारा काढायचा, दाखला घ्यायचा, तीन दरपत्रकं मागवायची. प्रस्ताव पहिल्या खेपेला त्रुटींसाठी परत येईल."

"किती टाइम लागन जी?"

"आमच्या खात्याचा वेग धरला तर अठरा-वीस वर्षं."

त्यानं मनाशी काही हिशेब केला. माझ्याकडं पाहिलं, यंत्रांकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"मंग तवरक ते गोदरेज तरी भाड्यानं द्या. लगनसराई आली."

भाड्याचा दर ठरवायला मी समिती नेमली आहे. तिच्यात सदस्य मी एकटाच, पण अजून कोरम भरलेला नाही.