मधल्या सीटवरचं इंजिन

बजाजनगरात इंजिनाबद्दल सल्ला विचारू नये. तो न विचारताही मिळतो. विचारला तर चौकभर मिळतो. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेल्या या वस्तीत घरटी एखादा टर्नर, फिटर किंवा निदान क्वालिटीत काम केलेला माणूस सापडतोच. अशा ठिकाणी महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप उभी करून ‘हिला कोणतं इंजिन टाकू?’ असं विचारणारा मालक एक तर धाडसी असतो, नाहीतर पुण्याहून नुकताच आलेला.

मुळात ही गाडीच अडचणीची. विलीजचं हे मॉडेल महिंद्राने १९६५ पासून आपल्याकडे बनवलं. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर, समोर बोनेट नाहीच. मग इंजिन कुठे? केबिनमध्ये, दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. वऱ्हाडाच्या गाडीत मधली जागा धरून बसलेल्या आत्याबाईंसारखं: सरकत नाही, लवकर तापतं आणि त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकावं लागतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याचं काय होत असेल ते त्या गुडघ्यालाच ठाऊक.

मूळ इंजिन ‘हरिकेन’. चार सिलिंडर, २.२ लिटर, पेट्रोल. ताकद बरी, तहान भयंकर.

म्हणून पहिला सल्ला अर्थातच डिझेलचा. एक गट प्यूजोवाला. महिंद्राने परवाना घेऊन बनवलेल्या या एक्सडीपी ४.९० च्या नावातच कुंडली आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, एकूण २,११२ सीसी. दुसरा गट डीआयवाला. २,५२३ सीसीचं हे धूड, वंशावळ थेट इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरपर्यंत जाणारी. ‘ऊस ओढेल!’ अशी त्याची तारीफ होते. मालकाला ऊस ओढायचा नसतो, शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला जायचं असतं. पण हे ऐकायला कुणी थांबत नाही.

सभा रंगात आलेली असताना कोपऱ्यातला मिस्त्री विचारतो, ‘काका, डिफरन्शियल किती आहे?’

सगळे गप्प. विलीज घराण्यात ५.३८ चं प्रमाण नेहमीचं. म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाची एक फेरी होईपर्यंत इंजिनाच्या पाचाहून जास्त. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या मजेत मारतं. डिझेल तीन हजारांत धापा टाकू लागलं, तर ताशी पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर गाडीचं पळणं संपलं. शिवाय बेल हाउसिंगला अडॅप्टर प्लेट, नवी माउंटिंग, पुढच्या पाट्यांवर जादा वजन. प्लेट इथल्या लेथवर संध्याकाळपर्यंत होईलही. पण वरचं झाकण बसलं नाही, तर ड्रायव्हरने बसायचं कुठे?

त्यानंतर उठतो तो आरटीओचा विषय. कंपनीने ठरवलेला तपशील आणि आरसीतला तपशील यांत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. इंधन बदलायला मान्यताप्राप्त किट चालतं. कुर्ल्याच्या भंगारातून चेनपुलीने उचललेलं इंजिन म्हणजे किट नव्हे. याच कलमात एक मौजेची तरतूद आहे. किमान दहा व्यावसायिक वाहनं ज्याच्याकडे आहेत, त्याला त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीविना बदलायची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. ‘मग अजून नऊ घेऊन टाका,’ असा सल्ला लगेच येतो.

तेवढ्यात कुणाला तरी २०२१ चे व्हिंटेज नियम आठवतात. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, इंजिनाला हात लावून त्यात बदल केला की बाद. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, मान वाढतो. मात्र रोजच्या वापराला बंदी. गाडी बाहेर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल अशा कारणांपुरती.

शेवटी हरिकेनच बोअर करून पुढच्या साइजचे पिस्टन टाकायचं ठरतं. भद्रा मारुती परवानगीच्या यादीत नाही, हे खरं. पण या इंजिनाची तहान आणि वय पाहता इंधन आणि देखभाल एवढ्या दोनच कारणांवर गाडी आठवड्यातले सहा दिवस बिनबोभाट बाहेर राहू शकेल, यावर चौकाचं एकमत होतं. सातव्या दिवसाच्या तांत्रिक संशोधनाला तर अख्खी वसाहत पाने-स्पॅनर घेऊन तयारच आहे.