पराभवाचे वतनदार

बुधवार, दिनांक २० ऑक्टोबर २००४ हा दिवस बॉस्टन शहरी उजाडला असे म्हणण्यापेक्षा त्याआधीचे तीन दिवस तेथे मावळायचेच राहून गेले होते असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. रविवारी रात्री सुरू झालेला सामना सोमवारी पहाटे १ वाजून २२ मिनिटांनी संपला. त्याच सोमवारी सायंकाळी सुरू झालेला दुसरा ५ तास ४९ मिनिटे चालला. मंगळवारचा तिसरा न्यूयॉर्कात मध्यरात्रीच्या सुमारास आटोपला. आणि या जागरणांनी ज्यांचे डोळे आपल्या लाडक्या संघाच्या नावाइतकेच तांबडे झाले होते असे वकील, न्हावी, प्राध्यापक आणि पेढ्यांतील कारकून त्या सकाळी आपापल्या कचेऱ्यांकडे अशा मुद्रेने निघाले की, गावात कोणी थोर पुरुष निवर्तला असावा असेच नवख्या माणसास वाटावे. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. त्यांचा रेड सॉक्स, म्हणजे तांबड्या मोज्यांचा, बेसबॉल-संघ लागोपाठ तीन सामने जिंकला होता आणि चौथा त्याच रात्री न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर व्हावयाचा होता.

ज्यांचा पिंड क्रिकेटवर पोसला आहे त्यांच्या सोयीसाठी एवढे सांगणे प्राप्त आहे की, बेसबॉलमध्ये 'अनिर्णित' नावाची पळवाट नाही. नऊ डावांत निकाल लागला नाही तर दहावा, अकरावा, प्रसंगी चौदावा डाव खेळावा लागतो, आणि घड्याळाचा अंमल त्या मैदानावर तेव्हा मुळीच चालत नसे. सात सामन्यांच्या या मालिकेत जो चार जिंकेल तो अमेरिकन लीगचा विजेता, आणि त्याला पुढे वर्ल्ड सिरीज नावाच्या अंतिम लढाईचा परवाना. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने पहिले तीन सामने घशात घातले होते, त्यांतला तिसरा तर बॉस्टनच्या घरच्या मैदानावर १९ विरुद्ध ८ अशा फरकाने. पहिले तीनही सामने गमावलेला संघ सातव्या सामन्यापर्यंत पोहोचल्याचे एकही उदाहरण तोवर बेसबॉलच्या दप्तरी नमूद नव्हते. बॉस्टनकरांनी तेव्हा एक सुस्कारा टाकून हिवाळी कपडे बाहेर काढले होते. त्यांचे चित्त पूर्ण स्वस्थ होते.

नंतर हे तीन विजय आले आणि ती स्वस्थता नासली.

या चिंतेचे मूळ शोधू जाता आपल्याला महसूल खात्याच्या जुन्या कागदपत्रांकडे वळावे लागते, कारण बॉस्टनचा पराभव हा सामान्य अर्थाने पराभव नसून ते एक वंशपरंपरागत वतन होते. बापाकडून लेकाकडे, मामाकडून भाच्याकडे आणि, सून घरात आली की, तिच्या माहेरच्या वाट्यासह ते चालत आलेले होते. मूळ दस्त साधा आहे. १९१८ साली रेड सॉक्स विजेते ठरले. पुढे संघाचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ नामक आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू यांकीजना विकला. हा व्यवहार १९२०च्या जानेवारीत जाहीर झाला, किंमत १ लाख डॉलर, आणि शिवाय फेनवे पार्क हे बॉस्टनचे मैदान तारण ठेवून भले थोरले कर्ज. फ्रेझी हे नाटकधंद्यातले गृहस्थ होते, एवढे सांगितले म्हणजे मराठी वाचकास पुढचे सांगण्याची गरज उरत नाही. कंपनी कर्जात बुडाली की मालक काय काय विकतो याची उजळणी आपल्याकडे घरोघर झालेली आहे. 'नो, नो, नॅनेट' या संगीतिकेसाठी फ्रेझींनी रूथला विकला अशी बॉस्टनची दृढ श्रद्धा असून, ती संगीतिका न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९२५ साली, म्हणजे विक्रीनंतर पाच वर्षांनी आली, ही क्षुल्लक हकीकत त्या श्रद्धेच्या आड कधी येऊ शकली नाही.

खरेदीखतानंतर तोवर यांकीजनी २६ विजेतेपदे मिळविली होती आणि बॉस्टनने एकही नाही. याचे कारण म्हणजे रूथचा शाप, असे तेथील शेंबडे पोरही सांगे. तथापि कागद नीट चाळले असता असे दिसते की, या शापाचा गवगवा १९८६च्या सुमारास सुरू झाला आणि त्याला ग्रंथाचे रूप डॅन शॉनेसी या बॉस्टनच्याच क्रीडापत्रकाराने १९९० साली दिले. म्हणजे वतन जुने, सनद मात्र मागाहून लिहिलेली! इनाम कमिशनच्या साहेबापुढे असे कागद आले असते तर त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले असते. पण आपण बोलू नये हे बरे. आपल्याकडची निम्मी इनामे याच शाईने लिहिलेली आहेत.

वहिवाटीचे पुरावे मात्र अस्सल. १९४६ साली वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात चेंडू हाती असलेला बॉस्टनचा पेस्की क्षणभर थबकला, निदान बॉस्टनचे म्हणणे तसे आहे, आणि तेवढ्यात सेंट लुईचा स्लॉटर पहिल्या तळापासून थेट घर गाठून मोकळा झाला. १९६७ साली पुन्हा सेंट लुई, पुन्हा सातवा सामना. १९७५ही तसेच, फक्त गाव सिनसिनाटी. १९७८ साली बकी डेंट नावाच्या यांकीजच्या खेळाडूने, ज्याच्याकडून कोणी फटक्यांची अपेक्षाही करीत नसे, फेनवेच्या ३७ फूट उंच हिरव्या भिंतीवरून चेंडू भिरकावून दिला, आणि तेव्हापासून मॅसॅच्युसेट्सात त्याच्या नावाच्या मध्ये एक अपशब्द मधल्या नावासारखा उच्चारण्याची रूढी पडली. १९८६ साली विजय एका चेंडूच्या अंतरावर येऊन हुकला, आणि बरोबरी झाल्यावर बिल बकनरच्या दोन पायांमधून चेंडू सरपटत गेला. बिचारा चांगला खेळाडू होता, हजारो चेंडू त्याने अडविले असतील, पण इतिहासाला एकच निसटलेला चेंडू पुरतो. आणि २००३ साली, म्हणजे अवघ्या वर्षापूर्वी, याच यांकी स्टेडियमवर, अशाच सातव्या सामन्यात, थकलेल्या पेड्रो मार्टिनेझला आठव्या डावात मैदानावर ठेवण्याचे औदार्य व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी दाखविले आणि अकराव्या डावात आरन बूनने उरलासुरला हिशेब चुकता केला. ज्या भाषेत सर्वनाशाला 'पानिपत' असा शब्द आहे त्या भाषेच्या माणसाने या वह्या पाहून हसावे की आदराने उभे राहावे, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

वतनाचा खरा लाभ असा की, त्यामुळे माणसास आपण दरिद्री, पीडित व सज्जन आहोत असे मानता येते. २००४ साली यांकीजच्या खालोखाल खेळाडूंवर सर्वाधिक द्रव्य उधळणारा संघ बॉस्टनचाच होता, हे कोणी सुचविलेच तर बॉस्टनकर दुखावलेल्या नजरेने पाहत आणि ॲलेक्स रॉड्रिगेझची कथा सांगत: तो आम्हीच विकत घेणार होतो हो, सौदा फिसकटला आणि त्या सावकारांनी पळविला. दोन सावकारांच्या भांडणात धाकट्या सावकाराने स्वतःस कूळ म्हणवून घ्यावे, असा हा प्रकार.

शापावर उपायही झाले होते. २००२ साली रूथचा म्हणून सांगितला जाणारा एक पियानो सडबरी गावच्या तळ्यातून वर काढण्यासाठी पाणबुडे उतरविण्यात आले. स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावर पुढे उलटे वळण असल्याचा सरकारी फलक होता. त्यातील एक अक्षर कोणी रंगाने बदलून 'शाप उलटवा' असा त्याचा अर्थ करून ठेवला होता, आणि हाकेच्या अंतरावर थोर विद्यापीठे असलेल्या त्या शहरात ही दुरुस्ती वर्षानुवर्षे अढळ राहिली. त्या शासनपत्राची अंमलबजावणी मात्र कोणाकडे सोपवावी, हे कोणत्याही खात्याने कळविले नाही.

अशा स्थितीत तो बुधवार. मालिकेच्या चौथ्या सामन्यात नवव्या डावात एक धाव मागे असताना डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा तळ 'चोरला' (या खेळात चोरी राजमान्य आहे व तिची नोंद अभिमानाने ठेवतात), आणि डेव्हिड ऑर्टिझने त्या रात्री व दुसऱ्याही रात्री निकाल लावला. सहाव्या सामन्यात कर्ट शिलिंग घोट्याच्या सुटलेल्या स्नायुबंधावर त्वचा टाके घालून घट्ट शिवून उतरला. ही शस्त्रक्रिया वैद्यांनी आधी प्रेतावर करून पाहिली होती. त्याच्या मोज्यावर रक्त पसरलेले साऱ्या अमेरिकेने पाहिले. संघ नावाला जागला. एवढे झाल्यावर कोणत्याही अन्य नगरीने तोरणे बांधली असती. बॉस्टनकराने विचार केला: एवढ्या उंचीवर नेतात ते कशासाठी?

त्या दिवशी गावात 'जिंकू' हे क्रियापद कोणी उच्चारले नाही. गेले तीन दिवस जो सदरा अंगात होता तो धुण्यास टाकण्याची कोणाची छाती झाली नाही, आणि सोमवारी रात्री जो ज्या खुर्चीत बसला होता त्याचा त्या खुर्चीवरील कबजा कायम करण्यात आला. यांकीजचा पिचर केव्हिन ब्राउन याने सप्टेंबरात संतापाच्या भरात भिंतीवर ठोसा मारून आपलाच डावा हात मोडून घेतला होता, ही शुभवार्ता मानावी की नाही यावर उपाहारगृहांतून तासन् तास खल झाला आणि भिंतीवर राग काढून मोकळा झालेला मनुष्य निश्चित शांतपणे चेंडू टाकील असे ठरले. आपला डेरेक लो केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीवर टाकणार, हे तर प्रत्यक्ष अरिष्ट. आणि तो ताजातवाना असता तर? तर त्याला इतकी विश्रांती मानवत नाही, असे सिद्ध करणारा कोणीतरी जवळ बसलेलाच होता.

माझा भाचा याच प्रांतात नोकरी करतो. त्याचे घराणे मूळचे साताऱ्याकडचे, तेव्हा या वतनावर त्याचा कसलाही मौरुसी हक्क नाही. परंतु बारा वर्षे अखंड वहिवाट केल्याने परकी जमीनही आपली होते या न्यायाने बकनरचा चेंडू आता त्याच्याही पायांमधून गेलेला आहे. त्या ऑक्टोबरात माझी थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्याच्याकडे मुक्कामाला होत्या आणि नवरात्र चालू असल्यामुळे त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घट बसवून अखंड दिवा ठेवला होता. पुढचा वृत्तांत त्यांच्या तोंडून ऐकलेला.

सामन्यापूर्वी मानाचा पहिला चेंडू टाकण्यासाठी यांकीजनी कोणाला बोलवावे? बकी डेंटला! मंगलाचरणालाच सव्वीस वर्षांपूर्वीचा अपमान मैदानाच्या मधोमध उभा करून त्याच्याकडून चेंडू टाकविण्यात जी दुष्ट कलादृष्टी आहे तिला दाद दिलीच पाहिजे. भाच्याने दोन्ही हातांनी डोके धरले. अक्का म्हणाल्या, "अरे, तुम्ही नेहमी हरताच ना? मग आज एवढं काय भ्यायचं?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस गं."

अक्का उठल्या आणि दिव्यात तेल घालायला गेल्या. त्या वात सारीत आहेत तोच बाहेर आरोळी उठली: ऑर्टिझचा होमरन, दोन धावा. योगायोग, असे आपण म्हणू. दुसऱ्या डावात तिन्ही तळांवर माणसे उभी राहिली, यांकीजनी ब्राउनला काढून वास्केझला आणले, आणि भाचा, ज्याने अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि जो एरवी देवाला नमस्कारही घाईघाईने करतो, मागे वळून अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आई, दिव्यात तेल आहे ना? जरा बघतेस?" अक्कांनी तेल घातले. वास्केझचा पहिलाच चेंडू जॉनी डेमनने प्रेक्षकांत पोहोचविला. सहा विरुद्ध शून्य. त्यानंतर अक्कांना त्या कोपऱ्यातून हलू देण्यात आले नाही. चौथ्या डावात आणखी एक होमरन, आणखी एक पळी.

आठ विरुद्ध एक अशी आघाडी असताना सातव्या डावात पेड्रो मार्टिनेझ टाकावयास आला. तो येताच स्टेडियमभर त्याची टवाळी सुरू झाली, पाठोपाठ दोन धावा गेल्या, आणि अक्का सांगतात की, त्या वेळी संध्याकाळपासून प्रथमच मुलाच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी आली, हरवलेले माणूस स्टेशनावर दिसावे तशी. मग तो दचकला. पाटावर बसल्या बसल्या अक्कांचा डोळा लागला होता.

"आई! तेल!"

दिवा काठोकाठ भरला होता, ताम्हनात तेल उतरत होते. आठव्या डावात बेलहॉर्नचा चेंडू खांबावर आदळला, म्हणजे तोही होमरन. मध्यरात्र नुकतीच उलटली असताना दहा विरुद्ध तीन असा निकाल लागला, शेजारपाजारी भांडी वाजू लागली, आणि तेलकट हात पदराला पुसत अक्का बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं ना एकदाचं? जिंकलात ना? झोपा आता."

भाचा मात्र दुसरीकडच्या, म्हणजे वर्ल्ड सिरीजमधला प्रतिस्पर्धी ठरविणाऱ्या, मालिकेचे कोष्टक मांडून बसला होता. तेथे ह्यूस्टन आणि सेंट लुई तीन-तीन अशा बरोबरीत होते, सातवा सामना उद्या. सेंट लुई, १९४६चे. सेंट लुई, १९६७चे. वर्ल्ड सिरीज शनिवारपासून.

त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले. दसरा शुक्रवारी होता.

"आई," तो हलकेच म्हणाला, "घट एखादा आठवडा उशिरा उठवले तर चालतात का गं?"